शिव्या देणाऱ्या आजोबांवर प्रीती

प्रिय बेटा,


तुझं पत्र वाचलं. वॉर्डातले ते आजोबा शिव्या देतात, हात झटकतात, चादर बदलून होते ना होते तोच पुन्हा ओली करतात. रोज प्रार्थना करूनही या माणसावर प्रीती कशी करू, असं तू विचारतेस. इतकं खरं विचारलंस याचा मला आनंद आहे.

शास्त्र्याने प्रभू येशूला सर्वांत मोठी अशी एकच आज्ञा विचारली होती, प्रभूने दोन सांगितल्या. देवावर प्रीती कर ही अनुवादातली, शेजाऱ्यावर प्रीती कर ही लेवीयातली. दोन्ही जुन्याच, पण त्याने त्या शेजारी शेजारी ठेवल्या. आणि माणूस आवडलाच पाहिजे, अशी अट त्यांत कुठेच नाही.

लूकातला शोमरोनी पुन्हा वाच. यहूदी आणि शोमरोनी यांचं किती वैर! तरी त्याने वाटेत जखमी पडलेल्या माणसाच्या जखमा तेल-द्राक्षारस ओतून बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, सांभाळलं. जखमी माणसाने आभार मानल्याचा उल्लेखही नाही. दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी दिली आणि वरचा खर्च परत येताना देतो म्हणाला. मला हेच फार मोठं वाटतं. त्याला पुढे जायचं होतं, तो गेला, पण सोय लावून. तूही ड्यूटी संपली की नीट हँडओव्हर दे, जेव, झोप.

नुसती सेवा पुरे, उपासना कशाला, असं मैत्रिणी म्हणतात ना? 1883 साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅममध्ये समाजाने टाकलेल्या बायकांना सिस्टर्स मायेने सांभाळत होत्या. हे का करता, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पुढे रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशाच बायकांसाठी कृपासदन उभं राहिलं. माणसाचा वीट येतो त्या दिवशी सेवेला बळ त्या विहिरीवरूनच मिळतं, म्हणून प्रार्थना सोडू नकोस.

उद्या आजोबांची कूस बदलताना आधी हाक मार, काय करणार ते सांग, मगच हात लाव. अचानक हात लागला की आजारी माणूस दचकतो. पुष्कळदा शिव्या तिथूनच येतात. माकडहाडाशी लाली दिसली तर वॉर्डच्या सिस्टरांना लगेच सांग. आणि आजोबांना भेटायला कोण येतं, ते मला कळव.

तुझी,
आत्या