ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी त्याची तपासणी करा

गाडीची ताकद वाढवण्यासाठी हेडर बसवला, संगणकाचे रीमॅपही करून घेतले. महिनाभरात चेक इंजिनचा दिवा लागला, ॲव्हरेज घसरले. गॅरेजवाला स्कॅनर लावून म्हणतो, ‘ऑक्सिजन सेन्सर गेला.’ नवा सेन्सर बसतो, हजारो रुपये जातात आणि आठवड्याने दिवा पुन्हा लागतो. कारण सेन्सर हा साक्षीदार आहे. इंजिनात खोट असेल तर तो ती सांगणारच. तो खरे बोलतो की खोटे, हे आधी पाहावे.

काम कसे चालते?

बॉश कंपनीने हा सेन्सर १९७६ साली मोटारीत आणला. धुरात उरलेला ऑक्सिजन तो बाहेरच्या हवेशी ताडून पाहतो. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला तापल्यावर तो काम देऊ लागतो. पेट्रोल जास्त असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट दाखवतो. त्यावरून संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. म्हणून हा आकडा सतत वर-खाली झाला पाहिजे.

कोड नीट वाचा

पी ०१३५ म्हणजे सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. पी ०१३३ म्हणजे सेन्सरचा प्रतिसाद मंद. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. या शेवटच्या कोडवर पुष्कळ सेन्सर विनाकारण बदलले जातात. दोष फुटलेल्या व्हॅक्यूम पाईपचा किंवा कमजोर पेट्रोल पंपाचाही असू शकतो.

तपासणीचा क्रम

१) हेडरचे सांधे पाहावेत. काजळीचे डाग किंवा थंड इंजिनात टिकटिक आवाज म्हणजे गळती. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि चांगला सेन्सरही ‘हवा जास्त’ म्हणतो.

२) वायर हेडरला टेकून वितळली आहे का, ते पाहावे.

३) चार वायरींच्या सेन्सरमध्ये दोन वायरी हीटरच्या असतात. प्लग काढून त्यांच्यातील रोध मोजावा. मीटर काहीच जोड दाखवत नसेल तर हीटर तुटला.

४) इंजिन पूर्ण गरम करून २,५०० आरपीएमवर ठेवावे. डिजिटल मीटरवर किंवा स्कॅनरवर आकडा चपळाईने खाली-वर झाला पाहिजे. एकदम ॲक्सिलरेटर दाबला तर ०.९ कडे जावा, सोडला तर ०.१ कडे यावा. असे झाले तर सेन्सर बहुधा ठीक आहे, दोष दुसरीकडे शोधावा. गळती नसूनही आकडा अडकला किंवा सुस्त झाला, तरच सेन्सर बदलावा.

ही व्होल्टची कसोटी साध्या सेन्सरची आहे. वाइडबँड सेन्सरला ती लावू नये.

सुधारित गाडीत ध्यानात ठेवावे

हेडरमुळे सेन्सर इंजिनापासून दूर गेला तर तो थंड पडतो आणि मंदावतो. एका वायरीचा, बिनहीटरचा सेन्सर तिथे टिकत नाही. हीटरवाला लावावा. पूर्ण ॲक्सिलरेटरवर पेट्रोल मुद्दाम जास्त दिलेले असते, तेव्हा ०.९ च्या आसपास स्थिर आकडा हा दोष नव्हे. मात्र पेट्रोल किती जास्त आहे, हे साधा सेन्सर सांगू शकत नाही. ट्यूनिंगसाठी वाइडबँडच हवा.

सेन्सर का मेला?

जुना सेन्सर फेकू नये, त्याचे टोक पाहावे. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा थर म्हणजे बहुधा सिलिकॉन पॅकिंगची वाफ किंवा कूलंटची गळती. मूळ कारण राहिले तर नवा सेन्सरही मरेल.

आणि खरोखर मेलेला सेन्सर तसाच चालवू नये. तो सतत ‘हवा जास्त’ सांगत राहिला तर संगणक पेट्रोल ओतत राहतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो. त्याची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते. अर्ध्या तासाची तपासणी दोन्ही नुकसान टाळते. पैसे देण्याआधी गॅरेजवाल्याला इतकेच म्हणावे, ‘आकडा दाखवा.’