वाडाच धावला बाईमागे

प्रश्न : 'सॉल्टबर्न' हा सिनेमा पाहिला. बडं घराणं, हव्यास, ध्यास आणि शेवटी मुडदे! आम्हा काशीकरांना होळकर म्हटलं की अहिल्याबाईंनी बांधलेलं विश्वनाथाचं देऊळ आठवतं. पण घरातली वडीलधारी मंडळी त्याच संस्थानातल्या एका खून-खटल्याबद्दलही दबक्या आवाजात बोलायची. ते खरं का? त्यावर सिनेमा निघाला होता का?
— एक वाचक, दूधविनायक, वाराणसी

उत्तर : खटला खरा, आणि सिनेमाही निघाला, तोही त्याच वर्षी. 'कुलीन कांता' (1925) हा कोहिनूर फिल्म कंपनीचा मूकपट, दिग्दर्शक होमी मास्टर.

मुमताज बेगम ही इंदूरच्या तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या पदरची नर्तकी. आपल्या तान्ह्या मुलीला दायांनी मारलं, म्हणून इंदुरात राहायचं नव्हतं, असं तिने पुढे कोर्टात सांगितलं. ती निसटली आणि मुंबईत अब्दुल कादर बावला या धनाढ्य व्यापाऱ्याकडे राहू लागली. 12 जानेवारी 1925 च्या संध्याकाळी मलबार हिलवर त्यांची मोटार अडवली गेली. बावला गोळ्यांना बळी पडला, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी तिथे पोचले आणि गोल्फच्या काठीनेच हल्लेखोरांना भिडले. मुमताज वाचली.

'सॉल्टबर्न'मधला मुलगा बड्यांच्या वाड्यात शिरायला धडपडतो. इथे वाड्यातून निघून गेलेल्या बाईमागे वाडाच धावला. इंदूरच्या हद्दीत हे घडतं, तर बहुधा तिथेच जिरलं असतं. पण जागा ब्रिटिश मुंबईची आणि साक्षीदार गोरे साहेब. प्रकरण दडपणं कुणालाच शक्य नव्हतं. मुंबई हायकोर्टात खटला उभा राहिला. इंदूरचे सरदार आनंदराव फणसे आरोपींत होते. त्यांचे वकील बॅरिस्टर जिना. तिघांना फाशीची शिक्षा ठोठावली गेली.

महाराज मात्र कधीच आरोपीच्या पिंजऱ्यात आले नाहीत. चौकशी आयोग किंवा राजत्याग, असे दोन पर्याय सरकारने त्यांच्यापुढे ठेवले. फेब्रुवारी 1926 मध्ये मुलगा यशवंतराव यांच्यासाठी त्यांनी गादी सोडली. 1928 मध्ये नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी त्यांचं लग्न झालं, तेही गाजलं.

तारखा जुळवून पाहा : 'कुलीन कांता' आला तेव्हा तुकोजीराव अजून गादीवरच होते. सरकार निर्णयाला पोचण्याआधी सिनेमावाले पोचले होते.