सरकीतला पीळ

आदिलाबादच्या बेला मंडलात बोलण्यात मराठी आणि शेतात कापूस. तिथला एक मुलगा एम.एस्सी.ला गेला आणि प्रकल्पाला विषय निवडला तोही घरचाच: सरकीतलं गॉसिपॉल. गाई-म्हशी सरकीची पेंड पचवतात, कोंबड्यांना ती फारशी सोसत नाही, ते याच पिवळ्या द्रव्यामुळे. 1970च्या दशकात चीनमध्ये पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणूनही ते तपासलं गेलं होतं.

त्याला हा रेणू एका प्रथिनात संगणकावर बसवून पाहायचा होता. स्माइल्स या अक्षरी पद्धतीने एका ओळीत लिहिलेली रचना त्याने एक्सेलमधून उचलली आणि ओपन बाबेलला दिली. हे सॉफ्टवेअर फुकट, सोर्स कोड खुला, शंभराहून अधिक प्रकारच्या रासायनिक फाईली एकातून दुसऱ्यात नेणारं. पडद्यावर ‘1 रेणू रूपांतरित’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ उमटली. मुलगा निर्धास्त झाला.

गोम रेणूतच होती. गॉसिपॉलचे दोन सारखे अर्धे एकाच बंधाने जोडलेले असतात, पण आजूबाजूला इतकी दाटी की ते एकमेकांभोवती मोकळे फिरू शकत नाहीत. पीळ एक तर या बाजूला बसतो, नाही तर त्या. म्हणून अधिक आणि उणे असे दोन प्रकार. शुक्राणूंची निर्मिती रोखतो तो मुख्यतः उणे. नेहमीच्या स्माइल्समध्ये हा पीळ लिहायची सोयच नाही. त्या ओळीवरून त्रिमिती रचना मागितली की बाबेल दोहोंपैकी कुठलीतरी एक बांधून देतं. मुलाला हवा होता उणे, हाती आला अधिक. रेणू प्रथिनात किती नीट बसतो याचे गुण मात्र व्यवस्थित छापले गेले; चूक असल्याची कुणकुणही नाही.

यात बाबेलला दोष देण्यात अर्थ नाही. ओळीत नव्हतंच ते त्याने आणायचं कुठून?

अशा रेणूंसाठी मूळ त्रिमिती एसडीएफ फाईलच घ्यावी आणि तिथून थेट मॉलटू प्रकारात न्यावी, मध्ये स्माइल्सचा थांबा नको. गंमत म्हणजे गरीब वाटणारी एक्सवायझेड फाईल इथे सरस ठरते. तिच्यात फक्त अणू आणि त्यांच्या जागेचे आकडे असतात, बंध बाबेल अंतरावरून ताडतं, पण पीळ शाबूत राहतो. बंध चुकले तर पुढे हायड्रोजन कमी-जास्त होऊ शकतात, म्हणून अणू मोजावेत: गॉसिपॉलला कार्बन 30, हायड्रोजन 30, ऑक्सिजन 8. मग ॲव्होगाड्रोत, तेही फुकटच, फाईल उघडून दोन अर्धे जोडणाऱ्या बंधाभोवतीच्या पीळकोनाचं चिन्ह मूळ फाईलशी ताडून पाहावं. आणि आज्ञा देताना नव्या फाईलच्या नावाआधी इंग्रजीतला मोठा ‘ओ’ (-O) लिहावा. लहान लिहिला तर बाबेल पुढचा मजकूर फाईलचा प्रकार समजतं.

मुलाने दोन्ही प्रकार नव्याने, वेगवेगळे चालवले. प्रबंधाच्या तक्त्यात आता गॉसिपॉलच्या दोन ओळी आहेत. गुण निराळे, स्माइल्सचा रकाना दोन्हीकडे तोच.