डिप्लॉयसाठी तिकीट कशाला?

प्रश्न: आमची सात जणांची टीम, दोन छोट्या सर्व्हिसेस. तरी वरून कुबरनेटीसचा आग्रह आहे, आणि प्रत्येक डिप्लॉयसाठी ऑपरेशन्सकडे तिकीट टाकावं लागतं. काय करावं?

उत्तर: दोन सर्व्हिसेससाठी कुबरनेटीस म्हणजे कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला ट्रक काढणं. दोन व्हीएम आणि वीस ओळींची स्क्रिप्ट पुरेल. रात्री दोनला अलर्ट आला तर ती अर्धवट झोपेतही वाचता येते. यामलची चळत नाही.

तिकिटाचं दुखणं मात्र खरं आहे. जी टीम सॉफ्टवेअर बनवते तिनंच ते चालवावं, हे ॲमेझॉनच्या वर्नर व्होगल्स यांनी २००६ मध्येच मांडलं होतं. तेव्हा नुसतं डिप्लॉयचं बटण मागू नका, रात्रीची ऑन-कॉल ड्यूटीही मागा. आधी रोलबॅक एका कमांडवर आणा, ऑपरेशन्सवाल्यांसमोर करून दाखवा. डेटाबेसमधले बदल तूर्त तिकिटावरच राहू द्यात.