त्रिगुण आणि स्वभावाची ओळख

पंचवटीपासून थोड्याच अंतरावर, गोदावरी आणि नंदिनी (जिला नाशिककर नासर्डी म्हणतात) यांच्या संगमाजवळ टाकळी हे पवित्र स्थान आहे. समर्थ रामदासस्वामी वयाच्या बाराव्या वर्षी, इ. स. १६२० च्या सुमारास, येथे आले आणि बारा वर्षे त्यांनी येथे तपश्चर्या केली, अशी परंपरा आहे. येथील गोमय मारुतीच्या दर्शनास भाविक आवर्जून जातात. समर्थांचा ‘दासबोध’ मात्र अनेक घरांत पूजेत असतो, पण उघडला जातोच असे नाही. २० दशक व २०० समासांच्या या ग्रंथातील दुसरा दशक मनुष्यस्वभाव समजून घेण्यासाठी प्रत्येकाने एकदा तरी वाचावा, इतका व्यवहाराचा आहे.

यात्रेत माणसांचे स्वभाव लवकर उघडे पडतात. एकाच कुटुंबातील कोणी रामकुंडावर तासभर शांत बसू इच्छितो, कोणाला दुपारच्या आत त्र्यंबकेश्वर गाठायचे असते, तर कोणी दर्शनाच्या रांगेत धक्का लागताच संतापतो. मग ‘तो तामसीच आहे’, ‘तिचा स्वभावच राजस’ असे शब्द सहज उच्चारले जातात. घाई करणाऱ्याच्या मनात वृद्ध आईच्या औषधाची वेळ घोळत असेल, हे कोणी विचारीत नाही. एकदा चिकटलेला शिक्का घरी परतल्यावरही पुसला जात नाही, आणि वर्षानुवर्षे ‘तापट’ म्हणून ओळखला गेलेला मनुष्य शांतपणे बोलला तरी ऐकणाऱ्यास त्यात राग दिसतो.

समर्थांनी या दशकातील पाचव्या, सहाव्या व सातव्या समासांत अनुक्रमे रज, तम व सत्त्व या गुणांची लक्षणे सांगितली आहेत. तेथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. क्रोधाने भान हरपलेला मनुष्य आईवडील, भावंडे, पत्नी यांनाही ओळखत नाही व त्यांच्यावर हात टाकतो, असे वर्णन करून समर्थ नाव देतात ते त्या वृत्तीला. हा मनुष्य तमोगुणी, असे न म्हणता हा तमोगुण, असे ते म्हणतात. माझे घर, माझी मुलेबाळे ही रात्रंदिवसाची चिंता म्हणजे रजोगुण. ही चिंता कोणत्या गृहस्थाला नाही?

श्रीमद्भगवद्गीतेच्या चौदाव्या अध्यायात हाच विचार अधिक स्पष्ट आहे. तिन्ही गुण प्रत्येकात असतात आणि कधी एक, कधी दुसरा उरलेल्या दोघांना दडपून वर येतो. लोभ व अस्वस्थ धडपड वाढली की रज बळावला, आळस व बेसावधपणा वाढला की तम बळावला, असे समजावे. सकाळी स्नानाच्या वेळी प्रसन्न असलेला मनुष्य दुपारी वाहनतळावर भांडू शकतो. मनुष्य तोच, गुण पालटलेला.

पाश्चात्त्य देशांत स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांनी १९२१ साली स्वभावप्रकारांवर ग्रंथ लिहून अंतर्मुख व बहिर्मुख हे भेद मांडले. दोन्ही प्रवृत्ती प्रत्येकात असतात, असे त्यांचेही म्हणणे होते. त्यांच्या विचारावरून अमेरिकेतील कॅथरिन ब्रिग्ज व त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी १६ प्रकारांची प्रश्नावली तयार केली. आज नोकरदार मंडळींना कार्यालयीन प्रशिक्षणात ती सोडवावी लागते. तीच व्यक्ती काही आठवड्यांनी पुन्हा उत्तरे देते, तेव्हा अनेकदा तिचा प्रकार बदललेला निघतो, हा तिच्यावरील नेहमीचा आक्षेप आहे. म्हणून आजचे मनोवैज्ञानिक माणसांना कप्प्यांत टाकण्याऐवजी एखादा गुण किती प्रमाणात आहे, हे पाहतात. आपल्या ग्रंथांत हे शास्त्र आधीच होते, असा दावा करण्याचे मात्र कारण नाही. दोहोंचे हेतू वेगळे आहेत.

समर्थांचा हेतू मूर्खलक्षणांच्या पहिल्या समासात दिसतो. तेथे स्वतःची स्तुती करणारा आहे, दुखणे असून औषध न घेणारा आहे, उगाच हसणारा आहे, इतकेच काय, रस्त्याने खात खात जाणाराही आहे. एखाद्या ओवीत वाचकाला स्वतःचा चेहरा भेटल्यावाचून राहत नाही. ही लक्षणे टाकून देण्यासाठी सांगितली, असे समर्थ स्वतःच शेवटी म्हणतात. आणि शेजाऱ्याच्या खुणा मोजत पुढे जाणाऱ्यासाठी दहावा समास पढतमूर्खाचा आहे. बहुश्रुत, ब्रह्मज्ञान उत्तम सांगणारा, पण अभिमान न सुटलेला.

दानाच्या बाबतीतही हेच घडते. गीतेच्या सतराव्या अध्यायाप्रमाणे कर्तव्य म्हणून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीस दिलेले दान सात्त्विक होय. फळाच्या आशेने किंवा जिवावर येऊन दिलेले दान राजस, आणि अपमान करून दिलेले तामस. एकच दाता देवापुढे मनोभावे देणगी ठेवतो, पावतीवर नाव ठळक आहे ना हे पाहतो आणि बाहेर याचकाच्या अंगावर नाणे फेकतो. अर्ध्या तासात तिन्ही गुण झाले. उलट, संगमरवरी पाटीवरचे नाव पाहून देणाऱ्यास राजस ठरविणेही बरे नव्हे. पुष्कळदा ती पाटी मुलाने दिवंगत आईच्या नावाने लावलेली असते, आणि त्याचे स्वतःचे नाव तेथे कोठेही नसते.