फायबरचा बोर्ड आणि ठाण्यातला जुलै

जुलैचा दुसरा आठवडा. ठाण्यात तीन दिवस पाऊस उघडला नव्हता. प्रस्तुत लेखकाने स्वतः जोडलेला गिटारचा छोटा ॲम्प्लिफायर सुरू केला आणि स्पीकरमधून फोडणीतल्या मोहरीसारखी तडतड सुरू झाली. मार्चमध्ये हाच ॲम्प इतका शांत होता, की तो चालू आहे की बंद, हे वाकून व्हॉल्व्ह पेटलेत का ते पाहूनच कळे.

सर्किट काही अवघड नव्हते. फेंडर कंपनीच्या १९५०च्या दशकातल्या ‘चॅम्प ५एफ१’ची ती नक्कल होती. एक १२एएक्स७ आणि एक ६व्ही६ हे व्हॉल्व्ह, रेक्टिफायरला ५वाय३, मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर आणि जेमतेम पाच वॅट. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या तीन-चार फेऱ्यांत बहुतेक सामान जमले. ट्रान्सफॉर्मर तेवढा २३० व्होल्टचा गुंडाळून घेतला, कारण मूळ अमेरिकी नमुना तिकडच्या विजेसाठी आहे. तो तसाच आपल्या प्लगमध्ये खोचला तर पहिला सूर निघायच्या आत धूर निघेल.

अडचण आली ती हौसेपायी. ‘पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) नको, हाताने वायरिंग केलेलाच ॲम्प गातो’ हे वाक्य लेखकाने इतक्यांदा ऐकले होते, की त्याने ते तपासलेच नाही. फेंडरसारखाच बोर्ड हवा म्हणून त्याने फायबरची शीट आणली, भोके पाडली, पितळी आयलेट (पोकळ कड्या) ठोकले. हे फायबर म्हणजे मुळात कागदापासून केलेला कडक पुठ्ठा. फेंडरचे लोक त्याला मेण पाजत. लेखकाने ती पायरी गाळली, मेणाने काय होणार म्हणून.

तडतडीच्या शोधात आधी व्हॉल्व्ह बदलला, मग सॉकेट घासले, मग सगळे सांधे पुन्हा सोल्डर केले. शेवटी मीटरची काळी पिन चॅसीला लावली आणि लाल पिन सहज बोर्डवर टेकवली. आयलेटवर नव्हे, दोन आयलेटमधल्या कोऱ्या जागेवर. मीटरने १४ व्होल्ट दाखवले. पुठ्ठ्यावर! हवेतला ओलावा पिऊन बोर्डच वीज वाहू लागला होता. पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटचा दाब झिरपत शेजारच्या ग्रिडपर्यंत पोचत होता आणि जिथे शून्य असायला हवे, तिथे दोन-तीन व्होल्ट रेंगाळत होते. बायकोचा हेअर ड्रायर दहा मिनिटे फिरवला, आकडा खाली आला, तडतड थांबली. रात्री पाऊस वाढला आणि दोन्ही परत आले. जुन्या फेंडर ॲम्पमध्ये, मेण असूनही, काही दशकांनी हाच आजार निघतो.

त्याच गडबडीत दुसरी चूक झाली. ॲम्प बंद केला, रुमालात धरून १२एएक्स७ आणि ६व्ही६ उपसले आणि लगेच आत हात घातला. व्हॉल्व्ह जागेवर असते तर फिल्टर कपॅसिटर त्यांच्यातून थोडेफार रिते झाले असते. ते काढल्यामुळे साडेतीनशे व्होल्टच्या आसपासचा साठा जागच्या जागी राहिला आणि त्याने लेखकाला भिंतीवर आपटले. नशीब, दुसरा हात चॅसीवर नव्हता. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे: प्लग काढायचा, डावा हात पाठीमागे ठेवायचा, जाड रेझिस्टरमधून कपॅसिटर रिता करायचा आणि मीटरवर शून्य पाहिल्याशिवाय बोट लावायचे नाही. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिता करणारे बहाद्दर आहेत. त्यांचे स्क्रूड्रायव्हर पाहावेत.

मग वायरिंगची चांगली पद्धत कोणती? आधी नावांचा घोळ. आयलेट किंवा टरेट (उभ्या खुंट्या) लावलेल्या बोर्डलाही लोक सर्रास ‘पॉइंट टू पॉइंट’ म्हणतात. खऱ्या पॉइंट टू पॉइंटमध्ये बोर्ड नसतोच. सॉकेटच्या पायापासून टॅग स्ट्रिपवर, तिथून पॉटवर, असे भागांचेच पाय ओढलेले असतात. पाच वॅटच्या सर्किटला हे छान जमते. मोठ्या सर्किटला मात्र कोळ्याचे जाळे होते आणि दुरुस्तीला आलेला मेकॅनिक पहिला अर्धा तास नुसता बघत बसतो.

पीसीबी म्हणजे हलके काम, हा समज सोल्डानो कंपनीच्या ‘एसएलओ-१००’ने १९८७ सालीच खोटा पाडला. हा नावाजलेला ॲम्प पीसीबीवरच आहे. मार्शल कंपनीनेही १९७०च्या दशकात हाताचे वायरिंग सोडून पीसीबी धरला. त्यात दहावा नग पहिल्यासारखाच निघतो, हा मोठा गुण. खोट असते ती स्वस्त पीसीबीत: तापणाऱ्या व्हॉल्व्हचे सॉकेट थेट बोर्डवर सोल्डर केलेले, तांबे पातळ. रोजच्या तापण्या-निवण्याने सांधे तडकतात. भाग बदलायला जावे तर सोल्डरिंग आयर्न क्षणभर जास्त टेकले की तांब्याची टिकलीच उपटून येते. लेखकाने एका मित्राच्या ॲम्पच्या दोन टिकल्या अशा उपटल्या आहेत.

आवाजाचे म्हणाल, तर बोर्डपेक्षा तारांची मांडणी जास्त बोलते. व्हॉल्व्हच्या फिलामेंटच्या ६.३ व्होल्टच्या दोन तारांना घट्ट पीळ घालून त्या चॅसीच्या कोपऱ्यातून न्याव्यात, ग्रिडची तार आखूड ठेवावी, अर्थिंगचे बिंदू विचारपूर्वक निवडावेत. हे चुकले तर सोन्याच्या आयलेटवरही ५० हर्ट्झची गुणगुण येणार. नवख्याने ग्लास इपॉक्सीच्या शीटवर टरेट ठोकून सुरुवात करावी. ती पाणी धरत नाही आणि एकच टरेट पाच वेळा तापवला तरी जागचा हलत नाही.

ऑगस्टमध्ये लेखकाने तसाच बोर्ड केला. पहिल्यांदा वीज देताना इलेक्ट्रिशियन वापरतात तो सिरीज बोर्ड घेतला, ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावला. खटका दाबल्यावर बल्ब भक्कन पेटला, मग व्हॉल्व्हचे फिलामेंट तापत गेले तसा मंद होत तांबूस झाला. तसाच लख्ख राहिला असता, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, असे समजायचे. बाहेर धो धो कोसळत होते. लाल पिन कोऱ्या जागेवर टेकवली. मीटर शून्यावरच राहिला.