एडीएचडी आणि झोप : सुरुवात सकाळपासून करा

एडीएचडी असलेल्या मुलांचे पालक आणि मोठेपणी निदान झालेले रुग्णही एक तक्रार हमखास सांगतात : रात्री बारा-एक वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही आणि सकाळी काही केल्या जाग येत नाही. घरच्यांना हा आळस वाटतो, नाहीतर मोबाइलचं वेड. मोबाइल त्यात भर घालतोच, पण मूळ कारण बऱ्याचदा शरीराच्या घड्याळात असतं. झोपेची वेळ झाली हे शरीराला कळवणारं मेलाटोनिन एडीएचडीच्या अनेक रुग्णांमध्ये उशिरा स्रवतं. प्रौढांमध्ये हा उशीर तास-दीड तासाचाही असतो.

म्हणून मुलाला बळेच नऊला झोपवू नका. नुसती चुळबुळ आणि भांडण होतं. आधी उठण्याची वेळ पक्की करा, रविवारीसुद्धा. उठल्यावर अर्धा तास गच्चीत किंवा अंगणात उजेडात काढा. सकाळचा उजेड घड्याळ पुढे आणतो. मग दर दोन-तीन दिवसांनी झोपण्याची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे घ्या.

दुपारनंतर चहा, कॉफी, कोला बंद. चारच्या चहातलं जवळपास निम्मं कॅफीन रात्री नऊलाही अंगात असू शकतं. ‘आणखी पाचच मिनिटं’ म्हणताना तास कसा गेला हे या रुग्णांना कळत नाही. त्यामुळे गजर उठण्यासाठी लावता तसा झोपायला जाण्यासाठीही लावा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला ठेवा. डोक्यात विचारांची गर्दी झाली तर उशाशी ठेवलेल्या वहीत उद्याची कामं लिहून टाका.

औषधाची वेळही तपासा. मिथाइलफेनिडेटच्या साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास राहतो, दीर्घकाळ काम करणाऱ्या प्रकारांचा आठ ते बारा तास. गोळी उशिरा घेतली तर झोप उडते. उलट काही जण औषध उतरल्यावर संध्याकाळी जास्त अस्वस्थ होतात. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत, त्यामुळे गोळी स्वतःहून बंद करू नका.

मूल जोरात घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. टॉन्सिल, अ‍ॅडिनॉइड वाढल्याने झोपमोड होते आणि दिवसा चंचलपणा वाढतो. रात्री पायांत वळवळल्यासारखं होऊन ते सतत हलवावेसे वाटत असतील, तर रक्तातलं फेरिटिन तपासून घ्या. लोहाची कमतरता हे त्याचं एक कारण असतं.

झोप यावी म्हणून सर्दीचं सिरप किंवा दुकानातून आणलेली झोपेची गोळी देऊ नका. मेलाटोनिनचा काहींना उपयोग होतो, पण मात्रा आणि वेळ डॉक्टरांनीच ठरवायची.

पुढच्या भेटीआधी दोन आठवडे झोपण्याची, उठण्याची आणि औषध घेतल्याची वेळ लिहून ठेवा. ती वही सोबत आणलीत, तर उपचार ठरवणं बरंच सोपं जाईल.